पाण्यावरची हाळी

बंदरावरची खोली, कच्छ
१७ नोव्हेंबर २०२४

आण्णा,

आणि सारखं सारखं तेच काय लावलंयस, मी मेंढरांचा वाडा सोडला म्हणून. मी वाडा सोडला न्हाई. तू मला वाड्यातनं हसून घालवलंस. दोन्हीत फरक हाय, आन तो तुला बी कळतो.

गेल्या महिन्यात वहिनींच्या हातचं पत्र आलं तवा वाटलं, आता तरी 'कसा हायस' एवढं आसंल. तर त्यात बी तेच. 'स्वतः पाण्यात गेला, वर माझ्या मेव्हण्याला बी ओढून नेला.' तू सांगितलंस आन वहिनींनी लिहिलं. सख्ख्या भावाबद्दल असं लिहिताना त्यांचा हात कसा चालला त्यांनाच ठाऊक. तुला अक्षर येत न्हाई आन माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हंजे हे पत्र बी त्याच वाचणार. तवा मंगल वहिनी, नमस्कार करतो. रविराज बरा हाय. दोन वेळा जेवतो, चार वेळा आरशात बघतो. विश्रामबागेत मोबाईलच्या दुकानात बसून गोरा झाला हुता, तो सगळा रंग इथं दोन महिन्यांत उतरला. त्याला मी ओढून आणला न्हाई. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा हाय आन मिरजेत गाडीत माझ्या आदी चढला.

आता काम काय ते नीट ऐक, म्हंजे लोकांत काय बी सांगत बसणार न्हाईस. लाकडाचं मोठं जहाज हाय. इथं जहाजाला वहाण म्हणतात. रविराज पहिल्याच दिवशी म्हणला, "आपल्याकडं वहाण पायात घालत्यात, हितं मानसं वहाणंत बसत्यात." त्या वहाणातनं जिवंत मेंढरं दुबईच्या बाजूला जातात, एका खेपंला अकराशे. खलाशी पाण्यातले वाघ, पण मेंढरू दिसलं की हात आखडतात. कुठलं आजारी हाय आन कुठलं नुसतं रुसलंय ते त्यांना कळत न्हाई. म्हणून दलालानं धनगराची पोरं शोधली. चारा घालायचा, पाणी दाखवायचं, मेलेलं बाहेर काढायचं. तिकडं करत हुतो तेच. फरक एवढाच, हितं मेंढरं माझं ऐकतात.

व्हय, मेंढरं बोलवायच्या हाळीचंच बोलतोय.

आबा गेल्यावर हाळी तुझ्याकडं आली, मी कवा न्हाई म्हणलो? वाड्यात हाळी एकाचीच, दोघांनी घातली की कळप फुटतो, हे मला बी आबांनीच सांगितलंय. पण तू तापानं पडला हुतास तवा कुणी घालायची हुती? मेढ्याच्या रस्त्याला, चहाच्या टपरीसमोर मी हाळी घातली आन एका मेंढरानं कान हलवला न्हाई. त्यावर तू घोंगड्यातनं मान काढून काय म्हणलास? "गड्या, तुझ्या हाळीला तुझी सावली बी यायची न्हाई." टपरीवरची सगळी हसली. चहावाला सुद्धा. तू तापात हुतास, तू इसरलास. मला तीन वर्षं झाली, मी न्हाई इसरलो.

तर आता ऐक. ही मारवाडाकडची परकी मेंढरं. त्यांना माझी भाषा ठाऊक न्हाई, माझा वास ठाऊक न्हाई. बंदरावर वीस दिवस राखली, रोज चारा घालताना हाळी घातली, तर आता माझं तोंड उघडायच्या आदी माना वर करतात. हाळी आबांचीच हाय, तू घालतोस तीच. शेवटाला सूर जरा वर नेतो एवढंच.

वहाणाचा नाखवा जुसबचाचा. साठीचा मानूस, कमी बोलतो, चहा बशीतनं पितो. मानूस चांगला, पण त्याचा एक जाच हाय. वरच्या मजल्यावर मेंढरांसाठी बारा खण केलेत, मधी जाड फळ्या. एका वेळी एकाच खणाची फळी काढायची, ती परत लावली की मग दुसरी. मी म्हणलो, चाचा, मेंढरू तुटलं की भितं, कळप एक असला की निवांत ऱ्हातं. तर म्हणला, "जमिनीवर एक ठेव. पाण्यावर कळप एक करायचा न्हाई." का म्हणून विचारलं तर म्हणला, "पाणी तुझ्या बापाचं रान न्हाई." जल्म दर्यात गेला त्याचा, त्याला मेंढराचं काय कळतंय.

परवा निघतोय. रविराज म्हणला, चालत्या वहाणावर तुझ्या हाळीचा व्हिडिओ काढू. ज्यांच्या रानात तुमी मेंढरं बसवलीत त्या जयराज मालकांच्या फोनवर पाठवीन. त्यांच्याकडनं बघून घे. टपरीवाल्याला बी दाखव.

मल्हार


२३ नोव्हेंबर

आण्णा, वहिनी,

वहाणाला काम निघालं म्हणून परत आलोय. उजव्या हाताला लागलंय म्हणून अक्षर असं वाकडं आलंय. बाकी मला काय न्हाई.

रविराजचा फोन पाण्यात पडला. तवा लावून बघितला तर लागायचा न्हाई. वहिनी, फोन लागत न्हाई म्हणून जिवाला लावून घेऊ नका. पाण्यात पडला हे खरं हाय, बिरोबाच्यान.

व्हिडिओ आला न्हाई तो त्यामुळं. आता येणार न्हाई. मालकांना सांगा, वाट बघू नका म्हणून.

तिकडं थंडी पडली का. ती एका कानाची मेंढी व्याली का. मेंढरांभोवतीच्या वाघरीची जाळी एका बाजूला फाटलीय असं पत्रात हुतं, ती शिवून घ्या, त्या डोंगराच्या अंगाला लांडगा हाय. मालक रानाच्या दुसऱ्या तुकड्यात बसवा म्हणले तर बसवा, तिथं पाणी जवळ हाय.

आज हापिसात जबाब घेतला. एक साहेब विचारत हुता, दुसरा टाइप करत हुता. काय झालं विचारलं. मी म्हणलो, लाट आली. त्यानं इंग्रजीत लिहिलं आन वाचून दाखवलं. मला काय कळतंय. पण एक शब्द दोनदा आला, टर्टल. मी म्हणलो, साहेब, टर्टल म्हंजे काय. तो म्हणला, कासव. मी म्हणलो, साहेब, मी कासवाचं नाव काढलं न्हाई, कासव कुणी बघितलं? तर दोघं हसायला लागले. ते तसंच म्हणतात, सही कर, म्हणले. केली. डाव्या हातानं केली.

वर चार ओळी खोडल्यात. त्या उजेडाला धरून वाचत बसू नका, काय न्हाई त्यात.

मल्हार


२९ नोव्हेंबर

आण्णा,

काल तू फोन केलास. तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला, तो बी एवढाच, "कसं झालं?" मी म्हणलो, लाट आली. मागनं एक कोकरू ओरडत हुतं आन वहिनी त्याला गप करत हुत्या, तेवढं ऐकू आलं, मग तू ठेवलास.

पोलिसांचा निरोप आटपाडीला गेला, तिथनं वहिनींच्या आईला, हरणामावशींना कळलं आन मावशींच्या शेजाऱ्यानं तुला सांगितलं, असं मला इथं समजलं. म्हंजे माझं पत्र पोचायच्या आदी खरं पोचलं. वहिनी, मागच्या पत्रात बघा, 'रविराज बरा हाय' असं मी कुठं बी लिहिलेलं न्हाई. फोनचं लिहिलं. पण ते खोटंच झालं, मला ठाऊक हाय. हात उठला न्हाई.

तर झालं ते असं. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर वहाण एका अंगाला कललं. कलतं कवा कवा, परत सरळ होतं. आमी वाट बघितली. झालं न्हाई. एवढं मोठं लाकूड, आपल्या घरावर घर ठेवल्याएवढं उंच, आन बशीतला चहा सांडावा तसं पालथं झालं. मोठ्यानं आवाज बी झाला न्हाई. मी पाण्यात फेकला गेलो. मला पोहता येत न्हाई हे तुला ठाऊक हाय, आपल्याकडं बुडायला पाणी कुठं हुतं. एका खलाशानं शर्टाला धरून वढला. वहाणाचं पोट वर आलं हुतं, त्याच्यावर आमी सगळे चढून बसलो. नाखवा धरून अकरा जण. रविराज त्यात न्हवता.

जुसबचाचानं कमरेला दोर बांधला आन खाली गेला. वर आला, दम घेतला, परत गेला. दुसऱ्यांदा आला तवा त्याच्या कानातनं रक्त येत हुतं. तिसऱ्यांदा खलाशांनी त्याला सोडला न्हाई, दोघं अंगावर बसले. खालनं मेंढरं खूर आपटत हुती, ते लाकडातनं आमच्या पायाला लागत हुतं. मग थांबलं. सांजच्याला मच्छीवाल्यांची एक बोट आली.

चार दिवस दोन बोटी शोधत हुत्या. मेंढरं लांब लांब किनाऱ्याला लागली. रविराज सापडला न्हाई. हरणामावशी म्हणतात, कुठल्या तरी बेटावर गेला आसंल, तिथं फोन नसंल. त्यांना काय सांगायचं ते तुमी सांगा, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.

इथं आता सगळं जुसबचाचावर आलंय. वर लय मेंढरं भरली, वहाण चुकीचं वळवलं, असं साहेब म्हणतात. त्याचे कागद काढून घेतलेत. ते रद्द झाले की परत त्याच्या हातात कुणी वहाण देणार न्हाई, आन मानूस गेलाय म्हणून पोलीस केस वेगळी. आमी दोघं एकाच खोलीत ऱ्हातो, चौकशी संपल्याबिगर बंदर सोडायचं न्हाई. त्याला विचारलं की एकच सांगतो, "वहाण माझ्या हातात हुतं."

परवा मी त्याला तो शब्द विचारला. म्हणलो, चाचा, वहाण पालथं झालं तर साहेब कासव का लिहितात. तो बशी हातात धरून बसला हुता, म्हणला, मला बी एका म्हाताऱ्या सारंगानं, म्हंजे खलाशांच्या मुकादमानं सांगितलं. पूर्वी गोऱ्यांची शिडाची जहाजं महिनोन्महिने पाण्यात ऱ्हायची. ताजं मटण न्हाई, खारवलेलं खाऊन तोंडं सुजायची. मग एखादं बेट लागलं की खलाशी वाळूत दबा धरून बसायचे. मोठी कासवं अंडी घालायला वर येतात, घमेल्यापेक्षा मोठी, दोन दोन माणसांच्या वजनाची. ती पाण्याकडं परत निघाली की मानसं धावायची, पाठीच्या कडंखाली हात घालायची आन उताणी टाकायची. बांधायचं न्हाई, मारायचं न्हाई. एक उताणं टाकलं की दुसऱ्याकडं. कासवाला परत पालथं व्हता येत न्हाई. पाय हलवत तिथंच पडतं. सकाळी जाऊन गोळा करायची, आन जहाजावर बी तशीच उताणी ठेवायची, वर पाणी मारत, महिनाभर जिवंत. जसजसं लागंल तसं एकेक. म्हणून पालथ्या जहाजाला त्यांनी तेच नाव दिलं. पोट वर, जीव आत, आन आपलं आपल्याला सरळ व्हता येत न्हाई.

मी म्हणलो, चाचा, आमच्या मेंढराचं बी तसंच हाय. लोकर वाढलेली गाभण मेंढी नांगराच्या चरात उताणी पडली की उठत न्हाई. पोट फुगतं आन तासा-दोन तासांत मरते. आमचा आण्णा सांगतो, पाय धरून वढू नको, खांद्याखाली हात घाल, उभी कर, आन उभी केल्यावर लगेच सोडू नको, तिचे पाय तिला सापडेपर्यंत धरून ठेव. जुसबचाचा म्हणला, "मेंढी आपणहून पडते?" मी म्हणलो, व्हय, चरात पाय गेला की पडते.

त्यानं बशी खाली ठेवली. म्हणला, "कासव आपणहून उताणं होत न्हाई. त्याला कुणीतरी करतं."

मी म्हणलो, लाटंनं बी होत आसंल की.

तो माझ्याकडं बघत हुता. म्हणला, "लाटंनं व्हायचं असतं तर दर्यात एक कासव जिवंत ऱ्हायलं नसतं."

मी उठून स्टो पेटवला. चहा झालेलाच हुता, तरी पेटवला.

आण्णा, लाट मोठी हुती. कुणी विचारलं तर तसंच सांग.

मल्हार


७ डिसेंबर

मंगल वहिनी,

हे पत्र तुमच्या नावानं हाय. आदी आण्णाच्या नावानं लिहिलं हुतं आन वर लिहिलं हुतं की हे जयराज मालकांकडनं वाचून घे, वहिनींच्या हातात देऊ नको. पाकीट बी चिकटवलं. मग फोडलं. परका मानूस आत बसून वाचणार आन ज्याची गोष्ट हाय त्याची बहीण बाहेर शेण भरणार, हे बरं न्हवं.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. पहिल्यांदाच तुमी आपल्या मनानं लिहिलंत, आण्णानं सांगितलेलं न्हाई. दोनच ओळी. 'भाऊजी, मालकांनी मोबाईलवर हवामान काढून बघितलं, त्या दिवशी तिकडं वारा न्हवता. मग लाट कुठनं आली? आई दाराला कडी लावत न्हाई.' मालक मिलिटरीतले, ते बघणारच. मी ते कार्ड दिवसभर खिशात घेऊन हिंडलो. जुसबचाचाला वाचता येत न्हाई, पण त्यानं विचारलं बी न्हाई काय लिहिलंय.

लाट आली न्हाई, वहिनी. पाणी परातीतल्यासारखं हुतं. नुसती बारीक डुलकी.

त्या दुपारी मेंढरं धापा टाकत हुती. मला वाटलं, खणात कोंडल्यामुळं. जुसबचाचा सुकाणू दुसऱ्याच्या हातात देऊन जेवायला बसला हुता. मी एकेक करून बाराच्या बारा खणांच्या फळ्या काढल्या. मेंढरं एक झाली, एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घातली, आन खरंच निवांत झाली. मला वाटलं, बघा, मी बरोबर आन नाखवा चूक. रविराजला म्हणलो, काढ फोन, आता घेऊ, आण्णाला दाखवायचंय. रविराज म्हणला, "मल्हाऱ्या, आदी फळ्या लाव की." मी म्हणलो, "लावल्यावर कळप दिसतोय व्हय त्यात? अर्ध्या मिनिटाचं काम हाय." त्यानं ऐकलं. तो माझं नेहमी ऐकायचा, मी त्याचं कवा ऐकलं न्हाई. तो डाव्या कठड्याला पाठ लावून उभा ऱ्हायला, सगळा कळप फोनमधी यावा म्हणून. मी समोर उजव्या कठड्याला.

मी हाळी घातली.

सगळी आली. पाचशे चाळीस मेंढरं हुती वर, एक मागं ऱ्हायलं न्हाई. खालच्या मजल्यावरच्यांनी बी ऐकलं आन ती त्याच अंगाला रेटली. वहिनी, मला आनंद झाला. हे लिहायला नको, पण झाला. रविराज फोनमागनं हसत म्हणला, "आली की रं सगळी." आन मग त्याच्या पायाखालचं लाकूड वर जायला लागलं.

मी ओरडलो. हात हलवले, मागं जा, मागं जा म्हणून बोंबललो. पण वीस दिवस मीच त्यांना शिकवलं हुतं की हा आवाज आला की त्याच्याकडं जायचं. मी जेवढा ओरडलो तेवढी ती माझ्या अंगावर आली. गप बसलो असतो तर कदाचित थांबली असती. त्यावेळी ते सुचलं न्हाई. रविराजनं कठडा धरला हुता, एका हातात फोन हुता. तो माझ्याकडं बघत हुता, मला हाक मारली का न्हाई ते मला सांगता येत न्हाई, मेंढरांचा लय आवाज हुता. मग तो घसरून मेंढरांच्या मधी आला आन त्याच्यावर वहाण आलं.

आता अजून एक हाय. हे सांगायचं का न्हाई यात चार दिवस गेले. मी मागं लिहिलं, खालनं मेंढरं खूर आपटत हुती. आपटत हुती. पण मेंढरू थांबून थांबून आपटत न्हाई. तीन ठोके आन थांबा. परत तीन. मी लाकडावर पालथा पडलो, तोंड टेकवलं आन वरनं तीन ठोके मारले. खालनं तीन आले. जुसबचाचा त्याच्यासाठीच दोनदा गेला. मला जाता आलं न्हाई. मी नुसतं वरनं ठोकत ऱ्हायलो. हाताला लागलंय ते त्याचंच हाय. तुमचा भाऊ अंधारात हुता, पण वर कोणतरी हाय हे त्याला शेवटपर्यंत कळत हुतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. किती वेळ, ते लिहीत न्हाई. तुमी समोर बसून विचारलंत तर सांगीन.

म्हणून हरणामावशींना बेटाचं बोलू देऊ नका. तो बेटावर न्हाई.

काल मी जुसबचाचाला म्हणलो, चाचा, तुमाला सगळं ठाऊक हुतं. म्हणला, "व्हय." मी म्हणलो, मग साहेबांना माझं नाव का सांगितलं न्हाई. तो जाळीच्या खिडकीकडं वळला. मग म्हणला, "जेवायला बसलो तिथनं मला फळ्या काढलेल्या दिसल्या हुत्या. वाटलं, धनगराचं पोर हाय, मेंढरातलं त्याला जास्त कळत आसंल. हातातली भाकरी संपवून उठू म्हणलं. त्या एका भाकरीचं पाप माझं हाय. ते मी कुणावर घालणार न्हाई." मी म्हणलो, बाकीचं? म्हणला, "बाकीचं ज्याचं त्यानं बोलायचं. माझ्या तोंडातनं ते साहेबाच्या कागदावर गेलं तर तू जल्मभर म्हणशील, नाखव्यानं मला अडकवलं."

मी लगेच चप्पल घातली आन हापिसात गेलो, बसलो असतो तर परत उठलो नसतो. साहेबाला म्हणलो, माझा जबाब खोटा हाय, लाट न्हवती. तो टाइप करणारा हसायचा थांबला. साहेब म्हणला, "शुद्धीत हायस का? जबाब फिरवलास तर नाखवा सुटंल, पण तू आत जाशील." मी म्हणलो, व्हय. म्हणला, पुन्हा पयल्यापासनं घ्यावा लागंल, अठरा तारखेला ये, वकील घेऊन ये. मी म्हणलो, वकील नको, साहेब. जो गेला त्याच्या घरचं मानूस समोर बसवाल का? म्हणला, "तसा नियम न्हाई. पण बसलं तर मी उठवायचो न्हाई."

तर वहिनी, तुमी या. जुसबचाचाचं जे व्हायचं ते माझ्या जबाबानं व्हईल, तुमी आलात न्हाई आलात तरी अठराला मी बोलणार हाय, त्यात फिरवाफिरव न्हाई. पण तुमच्या भावाचं मरण टाइप करून, शिक्का मारून टपालानं तुमच्या घरी यायला नको. माझ्या तोंडातनं तुमच्या कानात यावं. मधीच थांबलो, काय गाळलं, तर तुमाला कळंल, तुमी इतकी वर्षं माझी पत्रं वाचताय. तिथंच विचारा. सगळ्यांदेखत तोंडात मारायची तर मारा, साहेब बघत ऱ्हाईल, मी बी हलणार न्हाई.

आण्णाला यायला जमायचं न्हाई, मेंढरं कुणावर टाकणार. हे पत्र त्याला वाचून दाखवायचं का, कुठलं पान दाखवायचं, ते तुमी ठरवा. माझं त्याच्याशी भांडण ऱ्हायलेलं न्हाई. मावशींना संगं आणा. त्यांना झेपणार न्हाई असं लोक म्हणतील, पण दार उघडं ठेवून बसणं त्यांना झेपतंय का ते लोकांना विचारा.

मिरजेला गाडीत बसा, मुंबईत बदलायची, भुजला उतरा. मला बंदर सोडता येत न्हाई, म्हणून जुसबचाचाची लेक स्टेशनवर येईल, तिनं हिरवी ओढणी घेतलेली आसंल आन तिला थोडं मराठी येतं. तुमी तिच्याच घरी ऱ्हायचं. माझ्या खोलीवर यायची गरज न्हाई, हापिसातच भेटू.

हात अजून वर जात न्हाई, तवा गेले दहा दिवस धक्क्यावर बायकांच्या वळीत बसून मासळी निवडतोय. त्याचेच हे पैसे हाईत, वहाणाच्या शेठचा एक रुपाया त्यात न्हाई. मालकांच्या मोबाईलवर टाकलेत. कशाचे म्हणून त्यांनी विचारलं, मी म्हणलो, वहिनींच्या हातात द्या, त्यांना कळंल. तुमा दोघींचं जायचं-यायचं भाडं आन वाटंतलं खाणं. पाच हजार चारशे.